ओनोफ्रेची वासरं

व्हिला तापेरेबा, ४ मे

प्रिय अदेमार,

तू म्हणतोस फोन करत जा. फोनला रेंज फक्त दुकानाच्या ओसरीवर येते, आणि मी बोलायला लागले की डोमिनो खेळणारे हातातली सोंगटी हातातच धरून बसतात. मागे तू पाठवलेला आवाजी निरोप मी नीट कानाला लावेपर्यंत अर्ध्या गावाला कळलं होतं की तुझं आणि बायकोचं फिसकटलंय. त्यापेक्षा कागद बरा. बसवाला जेनिवाल्दो शहरातल्या पोस्टात टाकतो. तो उघडून वाचत नाही, कारण वाचायचा त्याला कंटाळा आहे.

इथलं ठीक. पाऊस ओसरला, रस्ता मात्र अजून लापशीसारखा आहे. तायनारा शाळेत शिकवायला जाते आणि घरी येऊन आईलाही शिकवते. यंदा वासरं चांगली झाली. तापल्या लोखंडाने डागणी झाली, तायनाराचा धर्मबाप, कोम्पाद्रे ओनोफ्रे मदतीला आला होता. त्यानेच बैलाची शेपूट शिजवली आणि स्वतःच सगळी संपवली.

डागणीनंतर सरकारी माणसं कानात पिवळे बिल्ले मारून गेली. प्रत्येक बिल्ल्यावर नंबर. वासरू कुठे गेलं, कुणी घेतलं, सगळं म्हणे त्यावरून कळणार. त्यांच्याबरोबर एक कोवळी मुलगी होती, नखं रंगवलेली. प्रत्येक वासरामागे मला विचारत होती, जन्म कुठे? मी सांगत होते, इथे. ती म्हणाली, तुम्ही पाहिलंत का जन्मताना? मी म्हटलं, बाई, डाग बघ की. डाग माझा आहे, म्हणजे वासरू इथलंच. तिने लिहून घेतलं. हे तुझ्याच कंपनीचं काम का रे? असेल तर त्या मुलीला पुढच्या वेळी बूट देऊन पाठवा, चपला घालून आली होती.

तब्येत सांभाळ. घटस्फोट घ्यायचा असेल तर घे, पण जेवत जा.

तुझी ताई,
लिंडाल्वा


साओ पाउलो, १९ मे

प्रिय ताई,

जेवतो. बिल्ले मारणारी माणसं सरकारची, आमची नाहीत. त्यांनी लिहून घेतलेलं आमच्याकडे येतं. मी दिवसभर पडद्यावर गुरं राखतो. बाबा असते तर म्हणाले असते, यापेक्षा उन्हात राखली असतीस तर अंगाला रंग तरी आला असता.

काम साधं आहे. युरोपातले खरेदीदार म्हणतात, जंगल तोडून केलेल्या कुरणावरचं मांस आम्हाला नको. ठरलेल्या तारखेनंतर तोडलेलं तर नकोच नको. मग कत्तलखान्याला सिद्ध करावं लागतं की जनावर कुठल्या गवतावर वाढलं. शेवटचं शेत त्यांना माहीत असतं. त्याच्या आधी ते कुणाकडे होतं, जन्मलं कुठे, तिथे आजवर सगळा अंधार. आमचं सॉफ्टवेअर बिल्ल्यांचे नंबर, वाहतुकीचे परवाने आणि आकाशातून काढलेले फोटो एकत्र करतं आणि मागे मागे जातं. फार हुशार प्रकरण आहे. माझ्यापेक्षा तर नक्कीच.

गंमत सांगतो. तुमच्याच भागातलं एक शेत परवा यादीत वर आलं. आम्हाला नावं दिसत नाहीत, फक्त क्रमांक दिसतो. तिथे जेवढ्या गाई आहेत त्यांच्या जवळजवळ दुप्पट वासरं आहेत. म्हणजे झाडून सगळ्या गाईंना जुळी झाली. आमच्या ऑफिसात त्या शेताचं नाव ‘जुळ्यांची आई’ पडलंय. कॉफीच्या वेळी कुणीतरी विचारतंच, आज बाळंतीण कशी आहे? उघड आहे, कुणीतरी बंदी असलेल्या जमिनीवरची वासरं आणून आपली म्हणून बिल्ले मारून घेतलीत. इतकं करायचं तर निदान हिशेब तरी जमवावा ना.

आणि ताई, रकान्यातला जन्म म्हणजे गाय जिथे व्याली ती जागा. डाग जिथे दिला ती नव्हे. आपल्याकडे डागाने वासरू ओळखतात हे मला माहीत आहे, पण हे त्या मुलीला माहीत नाही आणि सॉफ्टवेअरला तर मुळीच नाही. तुझ्या बाबतीत काही बिघडत नाही म्हणा, तुझी वासरं तुझ्याच दारात जन्मतात.

ओनोफ्रेला माझा नमस्कार सांग. अजून तेवढंच खातो हे ऐकून बरं वाटलं.

अदेमार


व्हिला तापेरेबा, ६ जून

प्रिय अदेमार,

तुमच्या कॉफीला चव आहे हे ऐकून आनंद झाला. एखाद्याच्या घरादारावर हसायला एवढा पगार मिळतो हे मला माहीत नव्हतं.

त्या बाळंतिणीचं पुढे काय करता ते लिही. नुसतं हसता की काही करताही? एक शेजारीण आहे, तिने विचारलंय. तिने काही चूक केलेली नाही, पण तिला भीती वाटते. भीती कुणालाही वाटते.

तू आपल्या डागाबद्दल शहाणपणा पाजळलास म्हणून सांगते. आपले आजोबा जंगलातून गुरं आणायचे तेव्हा गाय कुठे व्याली हे गाईलाही ठाऊक नसायचं. म्हणून डाग. ज्याच्या लोखंडाने डाग दिला त्याचं वासरू आणि त्याच्या जागेचं वासरू. तुझ्या कॉलेजची फी याच हिशेबाने भरली गेली आहे.

तायनाराला ताप होता, आता उतरला. बाकी सगळं जिथल्या तिथे आहे.

लिंडाल्वा


साओ पाउलो, २२ जून

प्रिय ताई,

चिडलीस वाटतं. हसलो ते चुकलं, पण दिवसाला शंभर शेतं बघितली की माणसाला हसायला काहीतरी लागतं.

शेजारीण म्हणजे इल्डा का? तिला सांग, काही केलं नसेल तर घाबरू नकोस. केलं असेल तर ऐक. आधी आकडे बघतात. आकडे न जमणारं शेत दुसऱ्या फेरीला येतं. तिथे एक माणूस फोटो उघडून बघतो आणि लिहितो, संशय खरा की खोटा. खरा असेल तर शेत बंद. बंद म्हणजे कुठलाच मोठा कत्तलखाना तिथलं जनावर घेत नाही, आणि त्या शेताकडून ज्यांनी वासरं घेतली त्यांच्याही मागे लागतात. मग उरतो गावचा खाटीक, तो अर्ध्या भावात घेतो आणि वर उपकार केल्यासारखा बोलतो.

एक वाट आहे. नोटीस यायच्या आत मालकाने स्वतःहून कार्यालयात जाऊन सांगितलं, की ही वासरं माझ्याकडे जन्मलेली नाहीत, अमक्याच्या जमिनीवरची आहेत, तर दोन वर्षं नजर ठेवतात आणि मग शेत पुन्हा खुलं होतं. नोटीस आल्यावर सांगितलं तर त्याला काही किंमत नाही. वाट चांगली आहे, फक्त तिच्यावरून आजवर कुणी गेलेलं नाही. शेजाऱ्याचं नाव घ्यावं लागतं ना. तुमच्याकडे ते कोण घेणार?

जुळ्यांची आई पुढच्या आठवड्यात माझ्याच टेबलावर येतेय. दुसरी फेरी माझी आहे. यावेळी हसणार नाही, वचन देतो.

तायनाराला सांग, मामाने आठवण काढलीय.

अदेमार


साओ पाउलो, ९ जुलै

प्रिय ताई,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितोय. विशेष काही नाही.

ते शेत होतं ना, ज्याच्यावर मी हसलो होतो, त्याचा निकाल लागला. काही गैर नव्हतं. मालकाने गाभण गाई विकत घेतल्या होत्या, व्यायल्यावर त्यातल्या बऱ्याच विकून टाकल्या, म्हणून गाई कमी आणि वासरं जास्त दिसत होती. खरेदीचे कागद मिळाले. प्रकरण बंद झालं. इल्डाला किंवा जी कोणी असेल तिला सांग, निर्धास्त झोप.

ओनोफ्रे अजून येतो का? पुढच्या मोसमात त्याला स्वतःची डागणी स्वतःकडे करायला सांग. आता तुझंही वय झालं, दुसऱ्याचे उपद्व्याप कशाला अंगावर घेतेस. एवढं माझं ऐक.

इथे थंडी आहे. बायको सामान घेऊन गेली, किटलीसुद्धा.

अदेमार


व्हिला तापेरेबा, ३० जुलै

प्रिय अदेमार,

तुझी दोन्ही पत्रं एकदम मिळाली. पूल दुरुस्तीला काढलाय, त्यामुळे जेनिवाल्दो तीन आठवडे पलीकडेच अडकलाय, शेवटी त्याने पत्रं नावेने पाठवली. आधी जूनचं वाचलं, मग जुलैचं.

इल्डा वगैरे कुणी नाही. शेजारीण मीच आहे. तुझं मेमधलं पत्र आलं तेव्हा मला वाटलं तू ज्याच्यावर हसतोयस ते आपलंच शेत. नंतर जुलैचं वाचलं आणि कळलं की ते दुसरंच कुणीतरी. त्यांच्याकडे कागद होते. माझ्याकडे गाभण गाईंचे कागद कुठून येणार, मी आयुष्यात गाभण गाय विकत घेतलेली नाही. त्यांचं सुटलं याचं बरं वाटलं. म्हणजे माझी पाळी अजून यायची होती आणि मला वेळ होता.

काय झालं ते आता सरळ सांगते. अल्ताइर वारला, मी एकटी पडले तेव्हा माझ्याकडे गवत होतं आणि गुरं नव्हती, हे तुला माहीत आहे. ओनोफ्रेने त्याच्या गाई मला अर्धलीने दिल्या. गवत माझं, गाई त्याच्या, होतील ती वासरं अर्धी अर्धी. माझं घर त्यावर उभं राहिलं. तायनाराच्या बाप्तिस्म्याला तोच उभा होता, तेव्हापासून तो कोम्पाद्रे. चार वर्षांपूर्वी त्याने ओढ्यापलीकडचं जंगल तोडलं, जाळलं आणि गाई तिकडे नेल्या. जमिनीवर बंदी आली. त्याने विचारलंसुद्धा नाही. डागणीच्या दिवशी तिकडची वासरं ओढ्यातून अलीकडे आणली आणि माझ्या गुरांच्या वाडग्यात घातली. म्हणाला, ‘कोमाद्रे, तुझंच लोखंड तापव. अर्धी तर तुझीच आहेत.’ मी तापवलं. खरंच सांगते, मला ते खोटं वाटलं नाही. डाग माझा पडला, वासरू माझं झालं. तू लिहिल्यावर ते खोटं वाटायला लागलं आणि मग काही केल्या थांबेना.

माझा भाऊ असली शेतं पकडतो आणि पगार घेतो, आणि मी इकडे पकडलं जाणारं शेत. उद्या तुझ्यापुढे माझाच फोटो आला तर तू काय लिहिणार? तुला ते लिहावं लागू नये असं मला वाटलं. शिवाय शेत कायमचं बंद झालं तर तायनाराला मी काय ठेवून जाणार. तू सांगितलेल्या वाटेवरून कुणी गेलं नाही म्हणतोस. मी मंगळवारी गेले. पलीकडे नावेने गेले, तिथून पुढे जेनिवाल्दोच्या बसने.

कार्यालयात पंखा बंद होता. तिथल्या बाईने तीनदा विचारलं, नक्की सही करताय ना? मी केली. ओनोफ्रेचं नाव लिहिलं, पूर्ण नाव, आईच्या आडनावासकट.

त्याला बाहेरून कळण्याआधी मी स्वतः जाऊन सांगितलं. तो घोड्याला पाणी पाजत होता. म्हणाला, ‘भुकेली होतीस तेव्हा माझ्या गाईंना जात विचारली नव्हतीस.’ मी म्हटलं, ‘नव्हती विचारली.’

दुसऱ्या दिवशी तो त्याची गुरं न्यायला आला. वाटणी रीतीप्रमाणे झाली. फाटकातून एक वासरू त्याचं, एक माझं, एक त्याचं, एक माझं. त्याने एकही चांगलं वासरू मुद्दाम ओढून घेतलं नाही, तेही मला लागलं. शेवटी तायनारा पुढे झाली आणि हात पुढे करून म्हणाली, ‘आशीर्वाद द्या, धर्मबाप.’ लहानपणापासून ती म्हणते आणि तो म्हणतो, देव तुझं भलं करो. त्याने टोपी सारखी केली आणि घोड्यावर बसला. तिचा हात तसाच राहिला. अदेमार, मी नवरा पुरला तेव्हा एवढी रडले नव्हते.

आता तू निश्चिंत हो. आपल्या घरात काही लपवण्यासारखं राहिलं नाही.

तुझी ताई


साओ पाउलो, २१ ऑगस्ट

प्रिय ताई,

हे पत्र मी दोनदा फाडलं.

ते शेत तुझंच होतं. दुसरं कुणी नव्हतं. गाभण गाई मी बनवल्या.

जूनच्या शेवटी फोटो उघडला. आधी छप्पर दिसलं, ते कुणाचंही असतं. मग वाडगं दिसलं. मी आणि बाबांनी बांधलेलं, एका बाजूला फुगलेलं, कारण मधे जांभ्याचा खडक लागला आणि बाबा म्हणाले, वळसा घाला. देशात असं दुसरं वाडगं नसेल. वाडग्यातून गुरांची वाट निघते, ओढ्यात उतरते आणि पलीकडच्या काठाने वर चढून थेट बंदी असलेल्या जमिनीत जाते. इतका स्पष्ट पुरावा मला वर्षभरात मिळाला नव्हता. दुसऱ्या कुणाचं असतं तर अर्ध्या मिनिटात ‘संशय खरा’ लिहून कॉफीला गेलो असतो.

मी कॉफीला गेलो नाही. मी लिहिलं, मालकाने गाभण गाई घेतल्या होत्या, कागद पाहिले, संशय खोटा. मग तुला तसंच लिहिलं. तुला खरं सांगितलं असतं तर तुझ्याही डोक्यावर ओझं झालं असतं, असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे भीती वाटत होती, कागदावर नको होतं. मला वाटलं तुला आतल्या आत कळेल आणि तू गप्प राहशील. गोष्ट इतकी पटण्यासारखी रचली की ती तुलाही पटली.

तुझी सही कार्यालयातून आमच्याकडे यायला आठवडासुद्धा लागला नाही. एकाच शेताच्या दोन नोंदी. मालकीण म्हणते, वासरं माझी नाहीत. अदेमार म्हणतो, वासरं तिचीच आहेत, कागद मी पाहिले. देउझा, आमची वरिष्ठ, तिने दोन्ही नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या आणि मला विचारलं, दोघांपैकी खोटं कोण बोलतंय? मी म्हटलं, मी. मालकीण माझी बहीण आहे. देउझाने दोन्ही नोंदी बंद केल्या. मग म्हणाली, हे आधी सांगितलं असतंस तर शेत दुसऱ्याच्या टेबलावर दिलं असतं, एवढंच करायचं होतं. एवढंच करायचं होतं, ताई. माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

नोकरी गेली. त्याचं फारसं नाही. पण एक गोष्ट सांगायलाच हवी. सॉफ्टवेअर आमच्या नोंदींवरून शिकतं. माझी नोंद वाचून ते शिकलं की आपल्या भागात गाभण गाई घेण्याची पद्धत आहे, आणि त्याने तसल्याच आणखी काही शेतांना सोडून दिलं. ओनोफ्रेने काही वासरं दुसऱ्या शेजाऱ्याकडेही घातली होती. तीही त्यात सुटली. मोठी झाली की मांस होऊन जहाजावर चढतील. जे शोधण्यासाठी मला ठेवलं होतं, त्याच्यासाठी मी एका ओळीत दार उघडलं. माझ्या जागी आलेली मुलगी आता त्या सगळ्या नोंदी पुन्हा तपासतेय.

तुला मिळालेलं दोन वर्षांचं वचन माझ्यामुळे मोडणार नाही. देउझाने ते वेगळं ठेवलंय, तुझी सही नोटिशीच्या आधीची आहे. उलट ती म्हणाली, या सगळ्यात एकच नोंद विश्वासाची आहे.

मी इथे काय करू कळत नाही. भाडं महिनाअखेरपर्यंत भरलंय. तुला राग आला असेल तर लिही, आणि मी यायला नको असेल तर तेही लिही.

अदेमार


व्हिला तापेरेबा, ९ सप्टेंबर

प्रिय अदेमार,

राग आलाय.

तुझं पत्र मी दुकानाच्या ओसरीवरच उघडलं, आणि मी वाचतेय हे बघून डोमिनोवाले पुन्हा थांबले. मी त्यांना म्हटलं, माझ्या भावाची नोकरी गेली, आता खेळा. खेळले नाहीत, पण मान वळवली.

चौकशीला माणूस येऊन गेला. ओढ्याच्या काठाने नवं कुंपण घालायचंय, आपल्या बाजूने सबंध. मला आणि तायनाराला ते होणार नाही. गडी मिळत नाहीत, कारण माझ्याकडे काम केलं की ओनोफ्रे बोलवत नाही. परवा चर्चमध्ये तो आणि मी एकाच बाकावर आलो, दोघांच्या मधे जागा सोडून. तायनाराने त्याच्यापुढे पुन्हा हात केला. मी तिला म्हटलं नव्हतं. तो ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटला, ती म्हणते आशीर्वादच होता. मला काही ऐकू आलं नाही.

तू ये. पूल झालाय, बस आता थेट येते. सामान फार आणू नकोस, किटली आमच्याकडे आहे. आलास की आधी कुंपणाचं काम, मग बाकीचं बोलू. गावात जे विचारतील त्यांना खरं सांगायचं, नाहीतर ते स्वतःचं काहीतरी बनवतील.

राग कशाचा ते लिहून ठेवते, समोर आलास की मला बोलता येणार नाही. तू माझ्यासाठी खोटं लिहिलंस हे वाचलं तेव्हा आधी मला बरं वाटलं. दिवसभर बरं वाटत होतं, स्वयंपाक करताना गुणगुणत होते. तायनाराने विचारलं, मामाने काय लिहिलंय, तर मी सांगितलं, मामा येतोय. संध्याकाळी गुरं वाडग्यात घेताना फाटक लावायचं विसरले. कारण मला कळलं की जुलैत तू मला स्पष्ट लिहिलं असतंस, ताई, ते शेत तुझंच होतं, मी मिटवलंय, गप्प राहा, तर मी कुठे गेले असते? पूल नव्हता, नाव करून त्या कार्यालयात मी पाय ठेवला नसता. तुझं पत्र चुलीत घातलं असतं, ओनोफ्रेला जेवायला बोलावलं असतं, आणि पुढच्या डागणीला लोखंड पुन्हा तापवलं असतं.

तुझी वरिष्ठ बाई म्हणते एकच नोंद विश्वासाची आहे. तिला हे सांगू नकोस. तुला मात्र माहीत असायला हवं.

ताई